अकराव्या दिवशी मतदानाला गेले त्याची गोष्ट

लेक मांडीवर झोपलीये, उजवा हात मोकळा आहे, म्हणून आज लिहून काढतेच. दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं होतं की टाके ओले असताना तू मतदानाला गेलीस कशी, आणि एकीने जरा रागानेच विचारलं की गेलीस कशाला. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही कारण मध्येच ही रडायला लागली. तर हे तिच्यासाठी, आणि ज्यांची तारीख पुढच्या कुठल्या निवडणुकीच्या आसपास येणार आहे त्यांच्यासाठी.

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या तेव्हा मला नववा लागला होता. मतदान २० नोव्हेंबर, बुधवारी. माझी ड्यू डेट १८ नोव्हेंबर. बातमी बघून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, दोघंही काही बोललो नाही. त्याच रात्री मी वोटर हेल्पलाइन अ‍ॅपवर माझं नाव शोधलं. सिंहगड रोडला राहायला आल्यावर फॉर्म ८ भरून पत्ता बदलून घेतला होता, त्यामुळे नाव इथल्याच यादीत होतं, केंद्र घरापासून पाऊण किलोमीटरवरच्या शाळेत. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर लावला. आणि हॉस्पिटलच्या बॅगेत फायली, लंगोट, टोपडी यांच्याबरोबर मतदार ओळखपत्र पण टाकलं. कधी काय होईल सांगता येत नाही, तिथूनच थेट जायची वेळ आली तर.

पण लेक आठवडाभर आधीच आली. १० नोव्हेंबरला, रविवारी. पाणी कमी झालं होतं म्हणून सीझर करावं लागलं. चार दिवस हॉस्पिटल, मग घर. माझं माहेर साताऱ्याला, खरं तर पहिलं बाळंतपण तिकडेच व्हायचं, पण डॉक्टर पहिल्यापासून इथल्या म्हणून आईच पुण्याला आली.

हॉस्पिटलमधली एक गोष्ट सांगते, पुढे ती लागणार आहे. तिथे गेल्यापासून मला कोणी नावाने हाक मारली नाही. सिस्टर म्हणायच्या, मम्मी, कूस बदला, मम्मी, बाळाला घ्या. औषधं देणारा मुलगा बेडच्या नंबरने बोलायचा. घरी आल्यावर बघायला येणारे बाळाची आई कुठंय विचारायचे. माया होती त्यात, तक्रार नाही. उलट लेकीच्या मनगटावरच्या पट्टीवर माझं नाव होतं, बेबी ऑफ आणि पुढे मी. तिला अजून स्वतःचं नाव नव्हतं, बारसं व्हायचं होतं, तेवढे दिवस ती माझ्या नावावर जगत होती आणि मी तिच्या. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आलाय. हॉस्पिटलने जन्मनोंदणीचा कागद तपासायला दिला तेव्हा त्यावर माझं नाव मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

असो. घरून मतदान करता येतं ना, असं सगळ्यांनी सुचवलं. मी पण आधीच चौकशी केली होती. आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या ताई, मतदार चिठ्ठी द्यायला आल्या तेव्हा त्यांनाही विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, घरून मतदानासाठीचा १२ डी चा फॉर्म वयाच्या ८५ च्या पुढच्या लोकांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना, बाळंतिणीला नाही. आणि तो सुद्धा अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यायचा. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला. म्हणजे बाळंतिणींना सवलत असती तरी आमच्यासारखीला उपयोग झाला नसता, कारण २७ ऑक्टोबरला मी भाजी आणायला स्वतः मंडईत जात होते आणि बाळ कधी येणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मला हे मनापासून वाटतं की यात बदल व्हायला पाहिजे. बाळंत झालेल्या बाईला हवं असेल तर, डिस्चार्ज कार्ड दाखवून, मतदानाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत घरून मतदानासाठी नाव देता आलं पाहिजे. जिला जाऊन करायचंय ती जाईल. पण माझ्या शेजारच्या बेडवरची मुलगी बघा, तिचं बाळ काचेच्या पेटीत होतं, ती दर तीन तासांनी दूध काढून वर नेऊन द्यायची, तिला केंद्रापर्यंत जा म्हणायला माझी जीभ वळली नसती. आणि समोरच्या बेडवरची वेल्ह्याकडची होती, माहेरी बाळंतपणाला आलेली, सासर रायगड जिल्ह्यात. आमचं मत तिकडं, असं म्हणाली आणि विषय संपला. अशा किती असतील आपल्याकडे! पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली पद्धत, नाव सासरच्या यादीत, सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत बाई माहेरी. तेवढ्यासाठी यादीतला पत्ता काही बदलत नाही, बदलूही नये, तिचं घर तेच आहे. फक्त त्या वेळात निवडणूक आली तर तिचं मत गेलं. तिला कोणी अडवलेलं नसतं, तिच्या मताचं काय हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

सासूबाईंचा फोन आला. त्या गावी असतात. त्यांना नवऱ्याने सांगितलं असावं. अगं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, ओलं अंग आहे, वारा लागला की जन्माचं दुखणं, आणि तान्ह्या पोरीला घेऊन गर्दीत? मी म्हटलं आई, सोयर दहाव्या दिवशी फिटतंय, मतदान अकराव्या दिवशी आहे. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, कान बांधून जा आणि तिन्हीसांजेच्या आत घरात ये. मी दोन्ही कबूल केलं. त्यांचं सगळंच बरोबर नाही म्हणता येणार, पण सव्वा महिना बाईला उठू देऊ नका हे कोणीतरी बाईच्या भल्यासाठीच ठरवलं असणार, नाहीतर आठव्या दिवशी तिला विहिरीवर पाठवलं असतं, म्हणून मला त्याचा राग येत नाही.

आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं थोडं चाललेलं चांगलंच आहे, पण रांगेत उभं राहायचं नाही, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, पट्टा लाव, रक्तस्राव वाढला किंवा टाक्यांना ओढ बसली तर लगेच घरी आणि मला फोन. बाळाला कोणाच्या हातात देऊ नकोस, आईसोडून. हे मी मुद्दाम लिहितेय कारण प्रत्येकीचं बाळंतपण वेगळं असतं, माझ्यावरून कोणी ठरवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

रात्री तीन वाजता पाजायला उठले की झोप मोडायची, मग एका हाताने मोबाईलवर वाचत बसायचे. तेव्हाच मला कळलं की १९६१ च्या निवडणूक नियमांमध्ये मतदान केंद्राच्या आत कोणाला प्रवेश द्यायचा याची यादी आहे, उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी, ड्युटीवरचे अधिकारी, आणि त्यात चक्क मतदाराच्या कडेवरचं मूल पण आहे. कडेवर मूल असलेल्या बाईला रांगेत आधी सोडायची सूचनाही केंद्राध्यक्षांना असते. मला ते वाचून इतकं बरं वाटलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कोणीतरी ते कलम लिहिताना विचार केला असेल की बाई येणार म्हणजे तिच्याबरोबर पोर येणार.

आणखी एक वाचलं, ते पहिल्या निवडणुकीचं, १९५१-५२ चं. तेव्हा याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की असं चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. बऱ्याच जणींनी नंतर नावं दिली, पण सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटी यादीतून गेली. पहाटे तीनला, अंगावर दूध सांडलेलं, मांडीवर लेक, मी बाळाची आई, आणि हे वाचतेय. त्या २८ लाखांपैकी कितीजणींच्या मांडीवर तेव्हा पोर असेल. फ्रिजवरच्या त्या कागदाकडे मी नंतर नीट बघू लागले.

आता २० तारीख. आईचं मत साताऱ्याला. ती माझ्यासाठी इकडे आलेली, तिचं मत जाणार हे मी धरूनच चालले होते आणि मला त्याचं वाईट वाटत होतं, माझ्या मताची एवढी काळजी आणि तिचं माझ्यापायी बुडतंय. आदल्या रात्री डिंकाचे लाडू डब्यात भरता भरता ती म्हणाली, मी पहाटेच्या गाडीने जाऊन येते, दुपारपर्यंत परत, मावशी येतीलच अंघोळीला. मी म्हटलं अगं सव्वादोनशे किलोमीटर होतील जाऊन येऊन. म्हणाली, बायकांना अर्धं तिकीट आहे आता. आणि साडेपाचला स्वारगेटवरून एसटीत बसली. बाबा साताऱ्याच्या स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. मत दिलं, स्वतःच्या घरात जाऊन उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, परसातला शेपू उपटून पिशवीत घातला आणि पुढच्या गाडीने परत. दीड वाजता दारात. शेपूच्या पिशवीच्या बंदाला धरलेल्या हाताच्या तर्जनीवर काळी रेघ.

पण त्या दिवशी पहिली शाई मी बघितली ती मालिशवाल्या मावशींच्या बोटावर. त्या सात वाजताच रांगेत उभ्या राहून मत देऊन आल्या होत्या, कारण नंतर चार घरची बाळं. लेकीला पायांवर पालथी घेतली, कोमट तेल हातावर घेतलं, आणि ते शाईचं बोट तिच्या एवढ्याशा पाठीवरून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकत होतं. मी बाजेवर शेक घेत पडल्या पडल्या तेच बघत होते. मावशी म्हणाल्या, ताई तुमी नका जाऊ, तुमचं मी टाकून आले. मी म्हटलं तसं नाही ना चालत मावशी. त्या म्हणाल्या, म्हायतीय, म्हनून तर सकाळी सातला गेले.

दुपारी अडीचला पोटभर पाजलं. पट्टा लावला, त्यावर सैल गाऊनवजा कुर्ता, कानाला स्कार्फ, पायात मोजे. लेकीला आजीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, जुन्या सुती नऊवारीच्या दुपट्यात गुंडाळलं. आजी गेल्यावर आईने ती साडी फाडून दुपटी शिवून ठेवली होती, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली, फिकट पांढरी. आईने बाळाला घेतलं, मी उशी घेतली. उशी कशाला तर गाडीत पोटावर दाबून धरायला. ज्यांचं सीझर झालंय त्यांना माहीत आहे स्पीडब्रेकर म्हणजे काय असतो. पाऊण किलोमीटरमध्ये चार आले. नवरा इतका हळू चालवत होता की मागचे हॉर्न देत होते, त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

शाळेच्या अलीकडेच बॅरिकेड होते, गाड्या तिथेच थांबवत होते. बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाने काच खाली करायला सांगितली, उशी बघितली, दुपटं बघितलं, काही न विचारता बॅरिकेड बाजूला घेतला. मोबाईल आत न्यायचे नव्हते, ते गाडीतच ठेवले. त्यामुळे आत गेल्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

ठरलं असं होतं की आई बाळाला घेऊन मांडवात बसेल, मी पटकन आत जाऊन येईन. पण गाडीतून उतरवल्या क्षणी ती जागी झाली, तोंड इकडे तिकडे करायला लागली, आणि मग जो सूर लावला! अर्धा तास पण झाला नव्हता पाजून. फाटकाच्या आत एका वर्गाच्या दारावर हिरकणी कक्ष असा कागद चिकटवलेला, म्हणजे बाळाला पाजायची खोली. मला हायसं वाटलं. दाराला कुलूप. आत बघितलं तर बाकडी एकावर एक रचलेली. मी भिंतीला धरून उभी, टाक्यांना ओढ बसायला लागलेली, लेक रडतेय, छातीतून दूध यायला लागलेलं कुर्त्यावर. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की चुकलंच माझं, घरी जाऊया. कागद चिकटवायचा तर खोली पण उघडी ठेवा ना. कोणाचं चुकलं मला माहीत नाही, पण जिला त्या खोलीची गरज लागते तिच्याकडे तेव्हा किल्ली शोधायला वेळ नसतो.

अंगणवाडीच्या एक ताई तिथे ड्युटीवर होत्या. त्यांनी लांबून बघितलं आणि धावतच आल्या. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. त्या म्हणाल्या थांबा, आणि बाजूच्या कार्यालयातून एक हाताची खुर्ची आणली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि स्वतःच्या साडीचा पदर आणि आईची ओढणी असा दोघींनी मिळून आडोसा धरला. मी बसले. लेक लागली. सात-आठ मिनिटं असेल. त्या ताई पदर धरून आईशी बोलत होत्या, मुलगी का, किती दिवसांची, वरचं तर देत नाही ना, थंडीचं उघड्या छातीशी धरा, कांगारू करा हो. त्यांचं मत कुठे असं आईने विचारलं तर म्हणाल्या, सकाळी पहिलं माझंच.

ती झोपली मग. आता आईच्या हातात दिली असती तर परत उठली असती, म्हणून मी घेऊनच गेले. तेव्हा मला ते १९६१ चं कलम आठवलं. दारावरच्या माणसाने रांगेला नुसता हात केला, रांगेतल्या बायका आपणहून बाजूला झाल्या, एक म्हणाली जा गं बाई जा.

पहिल्या टेबलावर एक शिक्षक असावेत, चष्मा खाली आणून यादीवर पट्टी ठेवून बसलेले. ओळखपत्र दिलं. त्यांनी माझा अनुक्रमांक मोठ्याने वाचला आणि मग माझं नाव. पूर्ण. स्पष्ट, प्रत्येक अक्षर वेगळं, कारण ते तिथे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं लागतं. प्रतिनिधींनी आपापल्या याद्यांवर खूण केली. त्यांच्यासाठी ते दिवसातलं कितीशेवं तरी नाव असेल. मला अकरा दिवसांत पहिल्यांदा कोणी माझ्या नावाने बोलावलं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं ते मला थांबवता आलं नाही. ते सर गडबडले, बसता का म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या टेबलावर सही. लेक डाव्या हातावर, तिचं डोकं माझ्या डाव्या कोपरात. उजव्या हाताने सही केली, पेन घसरलं, कशीबशी झाली. मग शाई. शाई डाव्या तर्जनीला लावतात आणि माझी डावी तर्जनी दुपट्याच्या आत, तिच्या पाठीखाली. बाळाला या हातावरून त्या हातावर घ्यायला गेले तर पोटात कळ आली. टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या, हलू नका, आणि उठून टेबलाला वळसा घालून आल्या, दुपट्याची घडी दोन बोटांनी वर केली, माझं बोट बाहेर काढलं आणि नखावरून खाली कातडीपर्यंत एक रेघ ओढली. थंडगार. सुकेपर्यंत बोट असंच ठेवा म्हणाल्या. मी ठेवलं, पण बहुतेक नीट नाही.

मग तो पुठ्ठ्याचा आडोसा. आत मी आणि ती. बटण दाबलं, दिवा लागला, बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसली, सात सेकंद असते ती, मी चिन्ह बघितलं, चिठ्ठी खाली पडली. लांब बीप झाला तेव्हा ती दचकली, दोन्ही हात पसरले आणि परत मिटले, जागी मात्र झाली नाही. कोणाला दिलं ते सांगत नाही, पण महिनाभर विचार करून दिलं, पाळण्याच्या, लसीच्या, रस्त्याच्या, शाळेच्या प्रत्येक विचारात ती होती.

बाहेर आले तर आई मांडवात उभी, आणि नवरा पुरुषांच्या रांगेतून मान उंच करून बघतोय. त्याचं होईपर्यंत आम्ही गाडीत बसलो. पाच वाजायच्या आत घरी. सासूबाईंना फोन केला, उजेड असताना आलो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, दृष्ट काढ दोघींची. आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या, मी पण गेले होते सकाळी. रात्री टाके जरा जास्त दुखले, गोळी घेतली, बाजेवरून उठले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, ठीक होतं सगळं.

दुपट्यावरचा डाग मला रात्री दिसला. काठाजवळ, बोटाच्या पेराएवढा, आधी जांभळट होता. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातलं तर काळाच झाला. मावशींनी साबण लावला, लिंबू चोळलं, दोन दिवस प्रयत्न केला. आईला आधी हळहळ वाटली, तिच्या आईची साडी ती. मग तिने ते दुपटं मावशींच्या हातातून घेतलं, पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं, म्हणाली राहू दे, नका आता चोळू, विरेल कापड.